खाली हार्डवेअरचं दुकान, वर लॉज

प्रश्न असा आला आहे: नोकरीसाठी पुण्याहून इंडियानातल्या सहा-सात हजार वस्तीच्या गावात आलोय. मेन स्ट्रीटवर विटांची एक जुनी तीनमजली इमारत आहे. कपाळावर गुण्या-कंपासची खूण, मध्ये इंग्रजी 'जी', खाली १८८७ हे साल. तळमजल्यावर जुन्या सामानाचं दुकान, वरच्या खिडक्या कायम बंद. इंटरनेटवर वाचावं तर हे फ्रीमेसन लोक जग चालवतात. शेजाऱ्याला विचारावं तर म्हणतो, 'शनिवारी सकाळी पॅनकेक झकास करतात.' नेमकं प्रकरण काय, इतक्या लहान गावात हे आलं कशाला, आणि आपल्यासारख्याने आत पाऊल टाकावं का?

शेजाऱ्याचं ऐका. पण त्याने सांगितलंय त्याहून प्रकरण बरंच जुनं आणि गुंतागुंतीचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मी मध्य इलिनॉयमधल्या अशाच एका गावात ३१ वर्षं राहतोय. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रस्ते-पूल खात्यात इंजिनिअर होतो, आता निवृत्त. गावच्या लॉजचा २३ वर्षं सभासद, त्यातली १५ वर्षं सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे वर्गणी गोळा करणारा, इतिवृत्त लिहिणारा आणि छत गळायला लागलं की कंत्राटदाराच्या मागे लागणारा. जग चालवणाऱ्या संघटनेचा कारभार मी आतून पाहिलाय: छताची दुरुस्ती यंदा करायची की पुढच्या वर्षावर ढकलायची, यावर आम्ही तीन सभा घातल्या आणि शेवटी ढकलली.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लॉज म्हणजे एस.टी. स्टँडसमोरचं 'बोर्डिंग-लॉजिंग'. सभासद झालो त्या वर्षी आईला फोनवर सहज म्हणालो, 'आज संध्याकाळी लॉजवर जायचंय.' पलीकडे बराच वेळ शांतता होती. मेसन म्हणजे गवंडी, आणि लॉज म्हणजे मध्ययुगात कॅथेड्रलच्या बांधकामाशेजारी पाथरवटांसाठी टाकलेली शेड. तिथे हत्यारं ठेवायची, जेवायचं, नव्या पोरांना कसब शिकवायचं. पुढे सतराव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये हातात कधी छिन्नी न धरलेले लोकही या मंडळींत येऊन बसू लागले. हत्यारं राहिली ती उपमा म्हणून. आजही मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, गळ्यात गुण्या, त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ, ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा असतो. गुण्याने वागणं काटकोनात ठेवायचं, पाणसळीने सगळे एका पातळीवर, ओळंब्याने सरळ उभं राहायचं. सांगलीला आमच्या घराचं काम करणाऱ्या गवंड्याला हे सगळं न सांगता समजलं असतं.

१७१७ मध्ये लंडनच्या चार लॉजनी मिळून पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मुख्य संस्था, काढलं, १७२३ मध्ये नियमावली छापली, आणि १७३४ मध्ये फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनने तीच नियमावली अमेरिकेत पुन्हा छापली. १७३३ मध्ये बोस्टनला रीतसर लॉज सुरू झालं होतं. १७५२ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला, म्हणजे तेव्हाच्या एका लहानशा नदीकाठच्या गावात, वीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन दाखल झाला. हे पाठ्यपुस्तकी भाग कुठेही वाचायला मिळतील. त्यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: अमेरिकेत मेसनांची देशपातळीवरची मध्यवर्ती सत्ता नाही. प्रत्येक राज्याचं ग्रँड लॉज स्वतंत्र, आणि दुसऱ्या राज्याचा हुकूम तिथे चालत नाही. तुमच्या इंडियानाची पाटी 'एफ. अँड ए. एम.' (फ्री अँड ॲक्सेप्टेड मेसन्स), आमच्या इलिनॉयची 'ए. एफ. अँड ए. एम.' (पुढचा 'ए' म्हणजे एन्शंट). पाटीवरच्या अक्षरांवरही यांचं एकमत नाही, आणि म्हणे जग चालवतात. डॉलरच्या नोटेवरचा डोळाही यांचा नव्हे. तो १७८२ च्या राजमुद्रेतला. तिच्यासाठी नेमलेल्या पहिल्या समितीत फ्रँकलिन हा एक मेसन होता खरा, पण त्याने सुचवलेलं चित्र नापास झालं होतं.

मग हे लहान गावांत का पसरलं? माझ्या मते उत्तर एका ओळीत आहे: या देशात सगळेच परके होते. आपल्या गावात नवा माणूस आला की दोन प्रश्नांत त्याचं कूळ निघतं. आडनाव, मूळ गाव, मामा कुठला. १८२० किंवा १८५० साली ओहायो नदी ओलांडून आलेल्या माणसाचं असं काहीच निघायचं नाही. त्याला उधार बियाणं द्यायचं का? त्याच्याकडे मुलगी द्यायची का? त्याच्या खिशात मागच्या गावच्या लॉजचं प्रमाणपत्र असलं, दोन जाणत्यांनी कोपऱ्यात घेऊन परीक्षा केली आणि खुणा-शब्द जुळले, की निदान एवढं ठरायचं की मागच्या गावात कुणीतरी याच्यासाठी मत दिलंय. आणि ते मत कसं? पेटीत हात घालून पांढरी गोटी किंवा काळा ठोकळा टाकायचा. ठोकळा चौकोनी, म्हणजे अंधारात बोटांना फरक कळतो. बहुतेक ठिकाणी एक काळा निघाला तरी माणूस नापास. लॉज म्हणजे हिंडत्या समाजातलं ओळखपत्राचं कार्यालय होतं.

याच यंत्रणेची काळी बाजूही लहान गावातच उघडी पडली. १८२६ साली न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला बटाव्हिया नावाचं गाव. इरी कालवा नुकताच, आदल्या वर्षी, खुला झालेला. सगळीकडे नवी वस्ती, नवा पैसा. विल्यम मॉर्गन नावाच्या एका माणसाचं तिथल्या मेसनांशी बिनसलं आणि त्याने त्यांचे विधी पुस्तकरूपाने छापायचं जाहीर केलं. गावातला वृत्तपत्रवाला डेव्हिड मिलर छापणार होता. सप्टेंबरात मॉर्गनला आधी शर्ट आणि टाय चोरल्याच्या आरोपावरून पकडून कॅनंडाइग्वा गावाला नेलं. तिथे तो सुटला, तर लगेच अडीच-पावणेतीन डॉलरच्या देण्यापायी तुरुंगात घातला. १२ तारखेच्या रात्री कुणीतरी ते देणं भरलं, त्याला बाहेर काढलं आणि ओरडत असताना घोडागाडीत कोंबलं. नायगारा किल्ल्यापर्यंत माग लागतो. पुढे तो कुणाला दिसला नाही.

पुस्तक त्याच वर्षी निघालंच. पण लोक खवळले ते पुढच्या प्रकाराने. खटले चालले, आणि दिसू लागलं की शेरीफ मेसन, साक्षीदार मेसन, ज्युरीतले काही मेसन. नायगारा काउंटीचा शेरीफ ईलाय ब्रूस याला २८ महिन्यांची कैद झाली. इतरांना याहून कमी. खुनाचा खटला उभाच राहिला नाही, कारण प्रेत नव्हतं. गव्हर्नर डीविट क्लिंटनने इनाम लावलं, पण तो स्वतःच राज्याच्या ग्रँड लॉजचा माजी प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर. त्याच्या इनामावर विश्वास कोण ठेवणार? माझे काही लॉजबंधू आजही हा विषय निघाला की मॉर्गन कॅनडात पळून गेला असेल, दारुडाच होता, असं काहीबाही सांगतात. मला हे पटत नाही. माणूस पळवला गेला, पळवणारे आमचे होते, आणि जे व्हायला हवं होतं ते गावोगावच्या आमच्याच लोकांनी होऊ दिलं नाही. एकमेकांवर विश्वास ठेवायची यंत्रणा एकमेकांना पाठीशी घालायची यंत्रणा व्हायला फार वेळ लागत नाही. त्यासाठी जगाचा कट लागत नाही, एक काउंटी पुरते.

यातून मेसनविरोधी पक्ष जन्मला. १८३१ मध्ये बाल्टिमोरला त्याने राष्ट्रीय अधिवेशन भरवून अध्यक्षपदाचा उमेदवार निवडला. अशी पद्धत या देशात पहिल्यांदाच. आज टीव्हीवर फुग्यांच्या वर्षावात जी अधिवेशनं दिसतात त्यांची ही आजी. १८३२ च्या निवडणुकीत उमेदवार विल्यम वर्टला एकट्या व्हरमाँट राज्याची ७ निर्वाचक मतं मिळाली, आणि गंमत म्हणजे हा वर्ट स्वतःच कधीकाळी लॉजमध्ये दाखल झालेला. न्यूयॉर्क राज्यातली शेकडो लॉज बंद पडली. आमच्या इलिनॉयचं पहिलं ग्रँड लॉज याच सुमारास विझलं. आजचं आहे ते १८४० मध्ये जॅक्सनव्हिलला नव्याने स्थापलेलं.

त्यानंतरची इलिनॉयची दोन माणसं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिला जोसेफ स्मिथ, मॉर्मन पंथाचा संस्थापक. मिसिसिपीकाठच्या नॉव्हू गावात १८४२ साली तो मेसन झाला, आणि बघता बघता त्या एका गावच्या मेसनांची संख्या राज्यातल्या बाकीच्या सगळ्या मेसनांच्या पुढे गेली. ग्रँड लॉज घाबरलं आणि परवानगी काढून घेतली. दोन वर्षांनी जवळच्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या. संकटातल्या मेसनने मारायची हाक त्याने शेवटी मारली, असं त्याचे अनुयायी मानतात.

दुसरा ईली पार्कर, आणि हा माझा खास. सेनेका या मूळ अमेरिकी जमातीचा, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचा. कायदा शिकला, पण सेनेका हा अमेरिकेचा नागरिकच नाही म्हणून वकिलीची सनद नाकारली. मग स्थापत्य अभियंता झाला. १८४७ साली तो ज्या लॉजमध्ये दाखल झाला ते कुठलं? बटाव्हियाचंच. मॉर्गन प्रकरणाला वीस-एकवीस वर्षं होऊन गेली होती. पुढे सरकारी इमारतींच्या कामावर तो आमच्या राज्यातल्या गलीना या शिशाच्या खाणींच्या गावात आला, तिथल्या मायनर्स लॉजचा मास्टर झाला, आणि त्याच गावात बापाच्या चामड्याच्या दुकानात बसणाऱ्या युलिसिस ग्रँट नावाच्या माजी कॅप्टनशी (पुढे उत्तरेचा सेनापती आणि देशाचा अध्यक्ष) त्याची दोस्ती जमली. १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या शरणागतीच्या अटींची पक्की प्रत लिहिली ती या पार्करच्या हाताने. न्यायालयाने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याला लॉजने मास्टरच्या खुर्चीत बसवलं. हे आमच्या जमेच्या बाजूला. खर्चाची बाजू पुढे येतेच.

यादवी युद्धानंतर रेल्वे आली आणि लॉजचा सुकाळ झाला. तुमची १८८७ ची इमारत याच लाटेतली. १८९७ सालच्या एका लेखातला अंदाज असा की १ कोटी ९० लाख प्रौढ पुरुषांत सुमारे ५५ लाख सभासदत्वं कुठल्या ना कुठल्या बंधुसंघात होती. मेसन, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस, एल्क्स. एकेक माणूस तीन-तीन ठिकाणी जायचा. यामागे हौस होती तसा विमाही होता. पेन्सिल्व्हेनियातल्या मीडव्हिल या गावी १८६८ मध्ये जॉन अपचर्च नावाच्या एका मेकॅनिकने, जो स्वतः मेसन होता, कामगारांचा असाच एक संघ काढला: एक सभासद वारला की बाकी सगळ्यांनी एकेक डॉलर काढायचा आणि विधवेला २,००० डॉलरपर्यंत रक्कम द्यायची. आपल्या भिशीची मरणोत्तर आवृत्ती म्हणा. मेसनांनी मात्र ठरावीक रक्कम कधी कबूल केली नाही. ते गरज बघून देत. आमच्या लॉजची जुनी इतिवृत्तं मी चाळली आहेत. तिथे विश्वाची रहस्यं नाहीत. कोळसा, दिव्याचं तेल, अमक्याच्या विधवेला सरपणाची गाडी, तमक्याच्या पोराला बूट, गावात आलेल्या आजारी परक्या मेसनला रात्री सोबत बसायला दोघांची नेमणूक आणि त्याच्या गावच्या लॉजला पत्र. औषधोपचाराचा खर्च त्या लॉजने पाठवला का नाही, यावर पुढच्या चार सभांत कुरकुर.

आणि मरण. पांढरे एप्रन घालून दोन रांगांत सभासद, खड्ड्यात सोडलेली सदाहरित झाडाची फांदी, तोंडपाठ म्हटलेली प्रार्थना. ज्याचं सातशे मैलांत रक्ताचं कुणी नाही अशा माणसाला चार खांदेकरी मिळणार, ही खात्री आजच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. गावच्या कब्रस्तानात एकदा चक्कर मारा. किती दगडांवर गुण्या-कंपास आहे ते मोजा, आणि तारखा बघा.

आता तुमच्या त्या इमारतीकडे या, कारण इथे मला बोलायचा अधिकार आहे. लॉज वरच्या मजल्यावर का? गुपितासाठी, असं सगळे म्हणतात. ते आहेच, दाराबाहेर टायलर नावाचा तलवारधारी पहारेकरी बसतो, आणि रस्त्यावरून आत दिसलेलं चालत नाही. पण पैशाचंही कारण आहे. मेन स्ट्रीटचा तळमजला म्हणजे सोन्याचा तुकडा. तो हार्डवेअरवाल्याला, कापडवाल्याला, औषधवाल्याला भाड्याने दिला की बांधकामाचं कर्ज फिटत जातं. काही गावांत तर व्यापाऱ्याने खालचे मजले बांधले आणि लॉजने स्वखर्चाने वरचा चढवला. एकाच इमारतीचे आडवे दोन मालक. तिसरं कारण निव्वळ बांधकामाचं, जे मला कुठल्या मेसनने सांगितलं नाही, माळ्यावर चढून बघितल्यावर कळलं. विधीसाठी मध्ये एकही खांब नसलेला लांबरुंद हॉल लागतो, कारण मधोमध वेदी आणि तिच्याभोवती डोळे बांधलेल्या उमेदवाराला फिरवायचं असतं. असा हॉल खालच्या मजल्यावर काढला तर वरचं ओझं पेलायला खांब नाहीतर अवजड तुळया आल्या. सगळ्यात वर काढला की डोक्यावर फक्त छप्पर. लाकडी कैच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकल्या की काम झालं. त्या काळच्या गावच्या सुताराला हे पक्कं ठाऊक होतं.

मास्टरची खुर्ची पूर्वेला असते, सूर्य तिकडून उगवतो म्हणून. पण मेन स्ट्रीटवरचा प्लॉट काही लॉजसाठी आखलेला नसतो. आमची 'पूर्व' होकायंत्राने पाहिली तर जवळपास उत्तर येते. तरी तिला पूर्वच म्हणायचं. वास्तुशास्त्रावर जीव टाकणारा माझा मेहुणा इथे आला होता, त्याला ही युक्ती फारच आवडली.

सभांच्या तारखांचीही अशीच मजा. रस्त्यांवर दिवे नसताना लोक दहा-दहा मैल घोड्यावरून यायचे आणि मध्यरात्री परतायचे. म्हणून कित्येक लॉजच्या नियमांत सभा 'पौर्णिमेला किंवा तिच्या आधीच्या गुरुवारी' अशी असायची. यांना 'मून लॉज' म्हणत. टेक्सासमध्ये आजही काही आहेत. आमचं लॉज पूर्वी तसंच होतं. जुन्या इतिवृत्तांवर पावसाळी पाण्याने तारखा पुसल्या गेल्या होत्या, त्या लावताना मी पौर्णिमा मोजत बसलो. सेक्रेटरीच्या खोलीत माझं कालनिर्णय टांगलेलं असतं. एका म्हाताऱ्या पास्ट मास्टरने, म्हणजे माजी मास्टरने, विचारलं, 'या गोळ्या कसल्या?' पौर्णिमा-अमावास्या म्हटल्यावर खूश झाला. तेव्हापासून दर महिन्याला येऊन बघायचा, आणि भारतातली पौर्णिमा इथे कधीकधी आदल्या संध्याकाळीच लागते हे काही केल्या त्याला पटायचं नाही.

गावात कोर्टाची किंवा शाळेची इमारत व्हायची तेव्हा कोनशिला मेसनांच्या हातून बसायची. वॉशिंग्टननेही १७९३ मध्ये कॅपिटॉलची अशीच बसवली होती. दगडावर धान्य, वाइन आणि तेल ओततात. नारळ फोडत नाहीत एवढाच फरक. तुमच्या काउंटी कोर्टाच्या ईशान्य कोपऱ्यात खाली वाकून बघा, ग्रँड मास्टरचं नाव सापडायची बरीच शक्यता आहे.

आता खर्चाची बाजू. सगळे एका पातळीवर, असं पाणसळ दाखवून सांगणाऱ्या लॉजमध्ये काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. १७७५ मध्ये बोस्टनला प्रिन्स हॉल नावाच्या माणसाला आणि आणखी १४ स्वतंत्र कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला तो ब्रिटिश फौजेबरोबर आलेल्या एका लष्करी लॉजने; अमेरिकनांनी नव्हे. या पंधरा जणांच्या मंडळींनी १७८४ मध्ये थेट इंग्लंडहून सनद मिळवली. त्यातून प्रिन्स हॉल मेसनांची समांतर परंपरा उभी राहिली, आणि दक्षिणेतल्या असंख्य गावांत रेल्वेरुळांच्या एका बाजूला एक लॉज, दुसऱ्या बाजूला दुसरं. विधी जवळपास तेच, हत्यारं तीच, पण एकमेकांचा हात धरायचा नाही. काळ्या वस्तीत त्या लॉजचं महत्त्व कितीतरी जास्त होतं. चर्च सोडलं तर स्वतःच्या मालकीची सभेची जागा तीच. मिसिसिपीतल्या जॅक्सनला काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सचं कार्यालय मेसनिक टेंपलमध्येच होतं, आणि १९६३ मध्ये त्याचा खून झाल्यावर अंत्यविधीही तिथेच झाला. गोऱ्या ग्रँड लॉजनी परस्परमान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९ मध्ये, कनेक्टिकटपासून. दोनशे वर्षं लागली.

कॅथलिकांचं वेगळं. पोपने १७३८ पासूनच त्यांना लॉज वर्ज्य केलं होतं, म्हणून त्यांनी १८८२ मध्ये न्यू हेवनला नाइट्स ऑफ कोलंबस काढलं. पण आमच्याकडूनही द्वेष कमी नव्हता. ऑरेगनमध्ये १९२२ साली मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती करणारा कायदा आला. तो उघडउघड कॅथलिक शाळांवर रोखलेला होता. त्यामागे मेसनांची स्कॉटिश राइट शाखा होती आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटनाही. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षांत मिडवेस्टमध्ये क्लॅन लॉजमधून माणसं गोळा करत होतं. काही ग्रँड मास्टरनी याविरुद्ध हुकूम काढले, काहींनी कानाडोळा केला.

आणि बायका? लॉज पुरुषांचं. बायकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ईस्टर्न स्टार निघालं, ज्यात मेसनांच्या बायका, मुली, बहिणी येतात, आणि पुरुषही बसू शकतात. गावातल्या लॉजचं स्वयंपाकघर, भांडी, मेजवान्या आणि खरं सांगायचं तर शिल्लक, यांच्याच जिवावर चालत आलीय. आमच्या गावचं ईस्टर्न स्टार बंद पडलं त्या वर्षी लॉजचं जेवण पिझ्झावर आलं.

लहान गावातला मेसन कसा असायचा ते बघायचं असेल तर पुढे देशाचा अध्यक्ष झालेला हॅरी ट्रूमन बघा. १९०९ मध्ये तो मिझुरीतल्या बेल्टन गावच्या लॉजमध्ये दाखल झाला तेव्हा साधा शेतकरी होता. दोन वर्षांत शेजारच्या ग्रँडव्ह्यूला नवं लॉज काढून त्याचा पहिला मास्टर झाला. विधी तोंडपाठ करायचे, आसपासच्या लॉजना भेटी द्यायच्या, माणसं जोडायची. १९४० मध्ये राज्याचा ग्रँड मास्टर झाला. त्याच वर्षी सिनेटची अवघड निवडणूकही जिंकला. लॉजने त्याला अध्यक्ष केलं नाही. पण ज्याला कॉलेजची पदवी नव्हती अशा माणसाला सभा चालवणं, पाठांतर, चार लोकांपुढे उभं राहून न अडखळता बोलणं, हे शिकवणारी शाळा त्या गावात दुसरी कुठली होती?

मेसनांची सर्वोच्च संख्या १९५९ मध्ये, सुमारे ४१ लाख. आज नऊ लाखांच्याही खाली. कारणांची यादी सगळेच देतात: टीव्ही, मोटारी, दोघांच्या नोकऱ्या. मला त्यातली दोन खरी वाटतात. एक, नोकरीसोबत विमा, सरकारी पेन्शन आणि बँकेचं क्रेडिट आलं. परक्याला ओळखायला आता लॉजची चिठ्ठी लागत नाही. दुसरं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासाभरात उरकणारे रोटरी आणि लायन्स आले, पाठांतराशिवाय. आणि एक कारण मी माझ्या पदरचं जोडतो: जिना. ज्या वरच्या मजल्याचं एवढं कौतुक केलं त्यानेच आम्हाला मारलं. आमच्या लॉजला सरळ एका दमात चढायच्या ३१ पायऱ्या आहेत. सभासद सत्तरी ओलांडतो, गुडघा बदलतो, आणि एक दिवस येणं थांबवतो. लिफ्ट बसवायला लागणारा खर्च इमारतीच्या किमतीपेक्षा जास्त. मग दोन-तीन गावांची लॉज एकत्र होतात, हायवेलगत पत्र्याची एकमजली शेड बांधतात, आणि मेन स्ट्रीटची इमारत विकली जाते. माझ्या नावच्या पत्रव्यवहारात अशी एकत्रीकरणाची पत्रं दरवर्षी येतात.

आपल्याकडचं म्हणाल तर हे काही नवं नाही. मुंबईत १८४३ मध्ये जेम्स बर्न्सने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं ते हिंदी लोकांना घेता यावं म्हणूनच; त्याआधी माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला मुंबईच्या गोऱ्यांनी दार लावलं होतं आणि तो पॅरिसला जाऊन मेसन होऊन आला होता. पार्करची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हाच माणूस आठवला.

जावं का? देवावर, कुठल्याही, विश्वास आहे का एवढंच विचारतात. धर्म विचारत नाहीत, आणि सभेत धर्म-राजकारण काढायला बंदी आहे. मी शपथ घेतली तेव्हा वेदीवर बायबलशेजारी वडिलांची खिशातली गीता ठेवली होती. आधी एका म्हाताऱ्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एवढंच विचारलं, 'छापलीय कुठे?' गोरखपूर म्हटल्यावर परत ठेवली. सगळीकडे इतकं सोपं जाईल असं नाही. म्हणून अर्जाआधी चार-सहा वेळा नुसतं जेवायला जा. सेक्रेटरीला दोन गोष्टी विचारा: शेवटचा नवा सभासद कधी आला, आणि जवळच्या प्रिन्स हॉल लॉजशी येणं-जाणं आहे का. दुसऱ्या प्रश्नावर तो लगेच बोलू लागला तर पुढे बोला. विषय बदलला तर पॅनकेक खाऊन घरी या. धंद्याला उपयोग होईल म्हणून जाणार असाल तर जाऊच नका, रोटरीत जा. वर्गणी शंभर-दीडशे डॉलरच्या पुढे सहसा नसते. पाठांतर मात्र खरंच करावं लागतं, तेही जुन्या इंग्रजीत. ज्यांनी लहानपणी रामरक्षा पाठ केलीय त्यांना जड जात नाही.

येत्या शनिवारी जा. तव्यापाशी उभा असलेला माणूस बहुतेक करून त्या वर्षीचा मास्टरच असेल. त्याला म्हणा, १८८७ चं इतिवृत्त बघायचंय; आजवर कुणी विचारलं नसेल, हात पुसून स्वतः वर घेऊन जाईल. चढताना कठडा हलतो का तेवढं बघा. हलत असेल तर सेक्रेटरीला सांगा, त्याला ठाऊक असेलच.